निळ्याचा उपास

नांदेतून सुताची लड वर निघते तेव्हा ती निळी नसतेच मुळी. आधी असते हिरवट-पिवळी, चैत्रातल्या कडुनिंबाच्या पालवीसारखी, आणि तिच्यातून टपटप गळणारं पाणीही तसंच. मग तिला वारा लागतो, उजेड लागतो, आणि आपण बघत असताना तो हिरवा आतल्या आत विरत जाऊन तिथे निळा येऊन बसतो. माझ्या वडिलांचं स्मरण मला नेहमी या क्षणापासून होतं. आंबूस वासाची नांद, कोपरापर्यंत निळे झालेले हात, आणि दाराच्या चौकटीत उभं राहून, लडीतला एक धागा चिमटीत ताणून, डावा डोळा मिटून उजव्यानं त्याला उगवतीच्या उजेडात न्याहाळणारी ती सडसडीत आकृती. त्या वेळी त्यांच्याशी बोलायचं नाही, अशी घरात शिस्त होती. मी एकदा बोलले आणि खाल्ला एक धपाटा. तो निळा पंजा माझ्या पोलक्याच्या पाठीवर ते पोलकं फाटेपर्यंत होता.

बाबा रंगारी होते. नागपुरातल्या आमच्या जुन्या वस्तीत तेव्हा घरोघरी हातमाग होते आणि उजाडलं की प्रत्येक ओसरीतून धोट्याची खटखट सुरू व्हायची. त्या मागांना लागणारं सूत बाबांच्या हातून रंगून जायचं. उमरेडचे विणकरसुद्धा एसटीच्या टपावर गठ्ठे टाकून आमच्याकडे यायचे. डब्यातले तयार रंग बाजारात कधीचे आले होते, आणि लाल-पिवळ्यासाठी बाबाही तेच वापरत, पण निळा मात्र त्यांनी शेवटपर्यंत नीळ आंबवून, नांद लावूनच काढला. अंगणातल्या बांबूंवर काय वाळत आहे ते बघून आम्ही ऋतू ओळखत असू: पोळ्याच्या आधी हिरवा, दिवाळीच्या तोंडावर डाळिंबी, लग्नसराईत हळदीचा पिवळा. वैशाखात नागपूरचं ऊन असं काही तापायचं की बांबूवरचा रंग डोळ्यादेखत उडून जाईल की काय, या धास्तीनं बाबा लड्या सावलीत ओढत आणि उन्हाला मनापासून शिव्या घालत. एरवी त्यांच्या तोंडून शब्द निघायचा तो रंगाबद्दल. आम्हाला जिथे नुसता जांभळा दिसे तिथे त्यांना सालीकडचा जांभळा आणि गराकडचा जांभळा दिसे, आणि दोघांतला फरक आम्हाला कळत नाही याची त्यांना खरोखर कीव येई.

निळ्याची आणखी एक रीत आमच्या घरात होती. नांद लावायची, किंवा लावलेल्या नांदेत पहिली लड सोडायची, ती उपाशीपोटी. आदल्या संध्याकाळपासून अन्न नाही, सकाळी चहासुद्धा नाही. भरल्या पोटाचा माणूस नांदेवर वाकला तर निळा रुसतो, फुटतो, ठिपके ठिपके होऊन सुतावर बसतो, असं बाबांच्या वडिलांनी त्यांना सांगितलं होतं आणि बाबांनी ते कधी पारखून पाहायची हिंमत केली नव्हती. मी तोवर शिकलेली-सवरलेली, महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवू लागलेली. मला हे सगळं थोतांड वाटे आणि मी तसं तोंडावर म्हणायला कमी करत नसे. बाबा वाद घालत नसत. ‘तू शाळेत पोरं रंगव,’ एवढंच म्हणत आणि नांदेवर वाकत.

या माणसाला जगात एकाच गोष्टीची भीती होती. त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, हेही रंगारी. साखरेच्या आजारानं त्यांचे डोळे गेले, आणि आजार साखरेचा आहे हे कळलं तेही डोळे गेल्यावर. ओसरीवर बसून मोठेबाबा सुताच्या लडीवरून बोटं फिरवत राहायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचे, हा कोणता आहे गा? लोक आपले काहीबाही सांगायचे. लहानपणी मी कितीदा पाहिलं आहे, की तो प्रश्न कानावर पडला की बाबांचा नांदेतला हात थांबायचा. मोठेबाबा गेले त्या वर्षी बाबा मायला म्हणाले होते, ‘हात गेले तं चालते, पाय गेले तं चालते. डोळे नको जाऊ देऊ म्हणा देवाले.’

म्हणून आमच्या गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात नवीन डॉक्टरीणबाई आल्या आणि त्यांनी चाळिशी उलटलेल्या सगळ्यांची बुधवारी फुकट तपासणी सुरू केली, तेव्हा सगळ्यात आधी जाऊन बसले ते बाबा. बाकीच्या वस्तीला हसू आलं. अंगात ताप नाही, खोकला नाही, चांगला धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला जाईल? बाई पुण्याकडच्या, तरुण, फार गोड बोलायच्या. दारोदार फिरून सांगत, की हा आजार दुखत नाही, खुपत नाही, आत बसून राहतो, लवकर सापडला तर डोळे वाचतात, मूत्रपिंड वाचतं. लोक त्यांना चहा पाजत, मान डोलावत आणि घरीच बसत. बाबांना मात्र ‘डोळे वाचतात’ एवढं पुरे होतं.

आणि तिथे त्यांना काय दिसावं, तर निळा! बाई काचेच्या नळीत एक निळं औषध घेत, त्यात तपासायच्या लघवीचे थेंब टाकत आणि स्पिरिटच्या दिव्यावर नळी उकळवत. औषध निळंच राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी, पिवळं-नारिंगी झालं तर जास्त, आणि विटकरी झालं तर फार. बाबा घरी आले ते मुलासारखे हरखून. ‘आमचा हिरवा निघते अन् निळा होते. बाईचा निळा असते अन् हिरवा होते. उलटी नांद आहे वं शकू!’ त्यांची नळी निळी राहिली होती. मोरचुदी, स्वच्छ, एक ठिपका नाही, असं ते मायला पुन्हा पुन्हा सांगत होते. साखर नसल्याच्या आनंदात त्यांनी वाटेत संत्र्याची बर्फी घेतली होती, आणि ती त्यांनीच सगळ्यात जास्त खाल्ली.

मग तो नेमच झाला. ऋतू पालटला की बाई बोलावत आणि बाबा जात. आदल्या दिवशी नवं धोतर काढून ठेवत, सकाळी लवकर अंघोळ करून, टोपी झटकून, ताठ मानेनं गल्लीतून निघत. नळी प्रत्येक वेळी निळी राही. मी बुधवारी शाळेत असे. संध्याकाळी घरात शिरले की मायच्या चेहऱ्यावरूनच कळे, की झालं, बाबा पास. गल्लीत ज्यांनी ज्यांनी ही तपासणी मनावर घेतली त्यांत बाबांइतका इमानी कुणी नव्हता, हे बाईही म्हणत. आम्ही निर्धास्त होतो.

खुणा काय थोड्या होत्या? बाबांना तहान फार लागे. पण नागपुरात मे महिन्यात तहान कुणाला लागत नाही? माठावर माठ रिकामे होत आणि माय म्हणे, उन्हाळा आहे बाई. पावसाळ्यातही माठ रिकामे होत राहिले तेव्हा ती म्हणाली, रंगाच्या भट्टीशी बसतात ना दिवसभर. बाबा वाळत चालले; आम्ही म्हटलं, वय झालं. मग एका दिवाळीच्या आधी उमरेडचा एक विणकर गठ्ठा परत घेऊन आला. काठाचा लाल दोन लड्यांत दोन तऱ्हेचा निघाला होता. असं बाबांच्या हातून आयुष्यात कधी झालं नव्हतं. त्यांनी दोन्ही धागे दाराशी नेले, डावा डोळा मिटला, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, ‘यंदा ऊनच मळकं पडून राहिलं.’ विणकर बिचारा आभाळाकडे बघत उभा राहिला. आभाळ लख्ख होतं.

त्यानंतर त्यांना डोळ्यांपुढे काळे धागे दिसू लागले. चेहऱ्यापुढून हातानं ते तुटके धागे बाजूला सारत. सुतात आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचं काही वाटलं नाही. आणि मग एका सकाळी दारात उभे असताना त्यांनी मला हाक मारली. ती हाक मी विसरू शकत नाही, कारण रंग बघायच्या वेळी बाबा कुणाला हाक मारत नसत. ‘शकू, पाह्य वं जरा. दारावर पडदा कोणी लावला?’

दार उघडं होतं. पडदा आमच्या घरात नव्हताच.

मोठ्या दवाखान्यातल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी उजवा डोळा झाकून बाबांना डाव्यानं बघायला सांगितलं, आणि तेव्हा कळलं की डावा कधीचाच गेला होता. बाबांना ते ठाऊकही नव्हतं. सारा जन्म तो डोळा मिटूनच त्यांनी जग पारखलं, मग त्याच्यामागे अंधार केव्हा साचला ते कळावं कसं? आता उजव्यातही आत रक्त उतरलं होतं. डॉक्टर म्हणाले, साखरेनं केलं आहे हे, बऱ्याच वर्षांची साखर आहे. मी चक्क भांडले त्यांच्याशी. म्हटलं, काहीतरीच काय, यांची दर ऋतूला तपासणी होते, साखर नाही यांना! ते खाली मान घालून कागदावर लिहीत राहिले. त्यांनी वाद घातला असता तर बरं झालं असतं.

तिथून बाबांना घेऊन मी आणि माय तडक आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. दुपार झाली होती. वाटेत मायनं बाबांना डब्यातली पोळी-भाजी खाऊ घातली होती. बाईंनी घाईघाईनं दिवा पेटवला. नळीतला निळा आधी हिरवा झाला, मग पिवळा, आणि मग तळापासून विटकरी चढत वर आला.

‘पण काका,’ त्या म्हणाल्या, ‘तुम्ही दर वेळी जेवून येत होतात ना? उपाशीपोटी ही साखर लपून राहते. जेवणानंतरच ती दिसते, म्हणून तर मी दर वेळी विचारायचे.’

बोलली ती माय. ‘जेवून? नाही वं बाई. निळ्याले कोणी जेवून जाते का? हे तं चहाचा घोटबी घेत नव्हते.’

बाई बाबांकडे वळल्या. ‘मी विचारायचे, जेवून आलात ना काका? तुम्ही म्हणायचात, हो जी, जेवूनच निघालो.’

तेव्हा बाबांनी त्यांच्या आवाजाच्या दिशेनं हात जोडले. ‘बाई, तुमी इतक्या मायेनं विचारत होत्या. नाही कसं म्हणू? नाही म्हटलं असतं तं तुमी आपल्या डब्यातली पोळी काढून मले खायले दिली असती.’

दिली असती, यात शंका नाही. बाई खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. हातातली नळी खाली ठेवायचं भान त्यांना नव्हतं. मायला ठाऊक होतं की बाबा उपाशी जातात, पण बाई काय विचारतात ते ठाऊक नव्हतं. बाईंना आपण काय विचारलं ते ठाऊक होतं, पण उत्तर खोटं असेल असं मनात येण्याचं कारण नव्हतं. आणि उत्तर तरी खोटं कसं म्हणावं? आपल्याकडे कुणी ‘जेवलात का’ म्हटलं की ‘हो, जेवूनच निघालो’ हे शब्द आपण थोडेच विचार करून बोलतो? जेवून या, हे बाईंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना सांगितलं होतं, आणि बाबांनी ते ऐकलंही होतं. एक भल्या घरची लेक आपुलकीनं आग्रह करते आहे, असं समजून ऐकलं होतं. मला राग आला होता, अंगाची आग होत होती, आणि तो राग कुणाच्या पदरात टाकावा ते मला कळेना. रागावायला समोर कुणीतरी दोषी लागतो. तिथे तीन चांगली माणसं उभी होती आणि विटकरी झालेली एक नळी.

बाईंनी मग गोळ्या दिल्या, पथ्य लिहून दिलं, आणि घरी तपासायला म्हणून निळ्या औषधाची बाटली, नळी, चिमटा, दिवा असं सगळं स्वतः आणून दिलं. नांद मात्र उपडी झाली. अंगणातले बांबू रिकामे उभे राहिले, आणि घराला इतक्या वर्षांचा जो आंबूस वास होता तो हळूहळू निघून गेला, तेव्हा घर परक्याचं वाटू लागलं. पुढच्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी मारबत आली. दर वर्षी तो भला थोरला पुतळा वाजतगाजत निघतो, आणि लोक घरातली इडापिडा, रोगराई त्याच्या हवाली करतात. बाबा म्हणाले, मले ने. त्या गर्दीत, गुलालात, डफड्यांच्या दणदणाटात माझ्या दंडाला धरून ते उभे राहिले आणि कधी मोठ्यानं न बोलणारा तो माणूस घसा फोडून ओरडला, ‘साखर घेऊन जा गे मारबत!’ आजूबाजूची पोरं हसली. त्यांना वाटलं, म्हातारा महागाईबद्दल ओरडतो आहे.

रोज सकाळी बाबांची न्याहारी झाली की मी नळी उकळवायची. थंड होत आली की बाबा ती मागून घ्यायचे. काच अजून कोमट असे. चिमटीत धरून, भिंत चाचपत ते दाराशी जात, उगवतीच्या उजेडात नळी तिरपी धरत आणि डावा डोळा मिटत. आंधळा माणूस डावा डोळा मिटून बघतो आहे, हे दृश्य मला अजून सोसत नाही. गोळ्या-पथ्य सगळं करूनही ती नळी निळी क्वचितच राही.

‘कोणता उठला वं?’ ते विचारत.

‘विटकरी, बाबा.’

‘कोणती वीट? कच्ची, का भट्टीतून निघालेली?’

मी बघे. पुन्हा बघे. माझे डोळे चांगले धडधाकट होते, आणि मला त्यांच्यासाठी एका विटेचा रंग सांगता येत नव्हता. ‘विटकरी, बाबा. नुसती विटकरी.’

‘नुसता असा कोणताच रंग नसते, शकू,’ ते हळूच म्हणत आणि नळी माझ्या हातात परत देत. मोठेबाबांचा प्रश्न आता ते विचारत होते, आणि येणारे-जाणारे लोक काहीबाही सांगत तसं मी सांगत होते. दुसरं काय करू शकत होते मी?

बाबांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. वस्तीत मागांची खटखट उरली नाही. डॉक्टरीणबाई बदली होऊन गेल्या. जाण्यापूर्वी त्या बुधवारी येणाऱ्या प्रत्येकाला विचारत, शेवटचा घास कशाचा खाल्ला ते सांगा. नुसतं ‘जेवलात का’ असं त्यांनी पुन्हा कुणाला विचारलं नाही.

परवा मी स्वतः गेले. माझीही चाळिशी उलटली आहे, आणि हा आजार रक्तातून उतरतो. दवाखाना तोच, खिडकी तीच, टेबलाशी एक नवीन पोरगी. टेबलावरच्या लाकडी घोडीत काचेच्या नळ्या ओळीनं उभ्या आणि प्रत्येकीत तो मोरचुदी निळा. ‘जेवून आलात ना, बाई?’ तिनं हसून विचारलं, आणि काय सांगू, इतकं सगळं भोगून, इतकं सगळं ठाऊक असून, माझ्या ओठांवर आलंच होतं: हो, जेवूनच निघाले. मी जीभ चावली. म्हटलं, नाही ग, उपाशी आहे. सकाळपासून तोंडात काही घातलेलं नव्हतं. मी तसं ठरवलं नव्हतं. अंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसले आणि चहा न घेता घराबाहेर पडले, एवढंच.

‘मग आधी जेवून घ्या, आणि दोन तासांनी या,’ ती म्हणाली.

बाहेरच्या बाकावर बसून मी डबा उघडला. उघड्या दारातून नळ्यांची ओळ दिसत होती, आणि सकाळचं ऊन तिच्यावर तिरपं पडलं होतं. पोळीचा तुकडा मोडला, भाजीला लावला. मला जेवायला हवं होतं. माझे डोळे त्या घासावर अवलंबून होते, आणि हे माझ्याइतकं त्या दवाखान्यात कुणालाच कळत नव्हतं. तरी हात तोंडापर्यंत जाईना. काळ सगळं फिकं करत नेतो. बाबांचा आवाज मला हल्ली नीट आठवत नाही, त्यांच्या रंगांची नावं तर मी कधीच हरवून बसले. त्यांच्यामागे माझ्याकडे एवढा एक उपास उरला आहे, आणि तो कसा सोडायचा ते मला सांगायला आता कुणी नाही.